दारू रक्तातच असते काय?

गेल्या वर्षावासातील एका पौर्णिमेची गोष्ट. वंदना आटोपली, खीरदान झाले, आणि मी विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. तेवढ्यात कोरेगाव तालुक्यातल्या एक मावशी पदर सावरत जवळ आल्या.

"जयभीम भाऊ. तुम्ही लिवता-वाचता. एक इचारू का?"

"जयभीम मावशी. विचारा की."

"दारू रक्तात आसती का वो?"

मावशींचा मुलगा आय.टी.आय. झालेला. एमआयडीसीत फिटर आहे. सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. वडील मात्र अकरा वर्षांपूर्वी दारूने गेले. तासगावकडची एक सोयरीक जुळत आली होती. बायोडाटा पसंत पडला, मुलगी बघून झाली, मंगलपरिणयाची तारीख धरायची तेवढी राहिली होती. आणि मग मधल्या माणसाकडून निरोप आला : बाप दारूनं गेला, पोराच्या रक्तात ती असणारच, आम्हाला मुलगी फसवायची नाही.

सोयरीक मोडली याचे मावशींना दुःख होतेच. पण त्यांचे खरे दुखणे वेगळे होते. त्या म्हणाल्या, "आता पोरगंच म्हणाया लागलंय, आई, मी बी तसाच व्हणार आसंल तर कशाला दुसऱ्याची लेक आणायची?"

त्या दिवशी मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण व्यसनमुक्तीच्या कामानिमित्त सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर फिरतो, डॉक्टरांच्या पाठीमागे लागतो, मिळेल ते वाचतो. पुढे या प्रश्नाचा जो काही हिशेब मला लागला, तो या पानावर मांडतो आहे. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. माझ्या घरचाही आहे.

आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते. पगाराच्या दिवशी त्यांना आणायला कुणाला तरी जावे लागे. त्यांना तीन मुले. थोरले चुलते दारूनेच गेले. माझ्या वडिलांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. आणि तिसरी आमची आत्या. मिरज तालुक्यात दिलेली, वीटभट्टीवर राबणारी. ती काविळीने गेली असे आम्हा मुलांना सांगितले होते. मी चाळिशीला आल्यावर आईने खरे सांगितले. अंग दुखते म्हणून आत्या रात्री घोटभर घ्यायची, मग दोन घोट, मग सकाळीही. शेवटी पोटात पाणी झाले. चुलत्यांची दारू साऱ्या गावाला ठाऊक होती; आत्याची मात्र घरातल्या घरातच पुरली गेली. एकाच आईबापाची तीन लेकरे, एकाच घरात वाढलेली. मग हे रक्त म्हणायचे, की संगत, की गरिबी?

दत्तक गेलेली मुले

शास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता. दारुड्याचा मुलगा दारुडा झाला, तर तो बापाच्या रक्तामुळे झाला की रोज बघून झाला, हे ओळखायचे कसे? घर आणि रक्त यांची फारकत करायची तर तान्हेपणीच दत्तक गेलेली मुले शोधली पाहिजेत. डोनाल्ड गुडविन या अमेरिकन डॉक्टरांनी डेन्मार्कमध्ये नेमके हेच केले. तिथे दत्तकाची नोंद सरकारदरबारी व्यवस्थित ठेवलेली असते. जन्मदाता किंवा जन्मदात्री दारूच्या आजाराची, पण मूल मात्र परक्या घरी वाढलेले, असे 55 पुरुष त्यांनी शोधले. तुलनेसाठी, ज्यांच्या जन्मदात्यांना असा आजार नव्हता असे दत्तक गेलेले 78 पुरुष घेतले. 1973 साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात शंभरी 18 जण दारूच्या आहारी गेलेले निघाले, दुसऱ्या गटात शंभरी 5. म्हणजे ज्या बापाचे तोंडही पाहिले नाही, त्याचा वारसा साडेतीन-चार पट धोका घेऊन आला.

तेव्हा मावशी, "रक्तात काहीच नसते" असे मी तुम्हाला सांगितले तर ती थाप होईल. काहीतरी असते.

पण मी हिशेबाचा माणूस आहे. मला तोच आकडा उलट बाजूनेही वाचावासा वाटतो. शंभरातले 18 अडकले म्हणजे 82 अडकले नाहीत. तासगावच्या पाहुण्यांनी 18 पाहिले, 82 पाहिलेच नाहीत.

त्यानंतर जगभर जुळ्या भावंडांचे अभ्यास झाले. काही जुळी एकाच बीजाची असतात, त्यांची जनुके जवळजवळ सारखी. काही दोन बीजांची असतात, साध्या भावंडांसारखी. एकबीज जुळ्यांपैकी एकाला व्यसन जडले तर दुसऱ्यालाही जडण्याचे प्रमाण किती, आणि द्विबीज जुळ्यांत किती, यावरून वारशाचा वाटा काढता येतो. 2015 साली अशा जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा वारशाचा वाटा सुमारे निम्मा भरला.

आता हा "निम्मा" शब्द फार घात करतो. बाप पीत असेल तर मुलगा दारुडा होण्याची शक्यता पन्नास टक्के, असा त्याचा अर्थ लोक घेतात. तसा तो मुळीच नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणी अडकतो आणि कुणी अडकत नाही, त्या फरकापैकी सुमारे निम्मा जनुकांनी समजावता येतो आणि निम्मा परिस्थितीने, एवढाच त्याचा अर्थ. एका माणसाच्या कपाळावर चिकटवायचा तो आकडा नव्हे. आमच्या भाषेत सांगायचे तर वारशाने मिळते ती ओपनिंग बॅलन्स. वर्षभराचे जमाखर्च अजून व्हायचे असतात.

बायकांचे काय?

गुडविन यांनी 1977 साली दत्तक गेलेल्या मुलींचाही अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मात्र दोन्ही गटांत आहारी गेलेल्या बाया मोजक्याच निघाल्या, ठळक फरक दिसला नाही. मग बराच काळ असे मानले गेले की दारूचा वारसा पुरुषांचा, बायकांचा नव्हे. पण त्या काळी तिथल्या बायकाच कमी पीत होत्या. जी बाटलीपर्यंत पोचलीच नाही, तिच्या अंगात काय दडले आहे ते कळणार कसे? 1992 साली अमेरिकेतील व्हर्जिनियात डॉ. केनेथ केंडलर यांनी हजारावर जुळ्या बहिणींच्या जोड्या तपासल्या, तेव्हा बायकांतही वारशाचा वाटा निम्म्याहून थोडा अधिकच निघाला. 2015 च्या एकत्र हिशेबातही स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही.

आता आपल्या देशाचा आकडा पहा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीची एम्स यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार भारतात दारू पिणाऱ्या एका बाईमागे 17 पुरुष आहेत. वारसा बाईत आणि बाप्यात सारखा, मग पिणारे एकास सतरा का? जनुकाने हे उत्तर देता येणार नाही. मुलग्याच्या हाती बाटली देणारा, यात्रेत "मर्द हायस का न्हाय" म्हणून चिडवणारा, मुलीच्या हातून मात्र ती काढून घेणारा आपला समाजच त्याचे उत्तर देतो. मुलीला जसे आवरले तसे मुलग्याला आवरता येत नाही, असे मला कुणी सांगू नये.

याच्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते आपल्या घरांच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी आहे. न पिणारी आईसुद्धा आपल्या बापाचा वारसा लेकराला देते. आपण सोयरीक करताना मुलाच्या बापाचे बघतो, आजोळची चौकशी करत नाही. आजोबा दारूने गेले, आईने कधी वास घेतला नाही, आणि नातू विशीत अडकला, की मग सगळे म्हणतात, ह्याच्यावर कुणाची नजर लागली? किंवा त्याहून वाईट, बायको आल्यापासून बिघडला, तिचा पायगुण. अशा किती सुनांनी हे ऐकून घेतले असेल! ज्या आजाराचे बी त्याच्या जन्माआधी पडलेले असू शकते, त्याचा दोष दोन वर्षांपूर्वी उंबरा ओलांडलेल्या पोरीवर घालायचा, हा कुठला न्याय? आणि "लग्न करून द्या, सुधारेल" हे तर त्याहून घातकी. पिणाऱ्या मुलावरचा इलाज म्हणून कुणाची मुलगी आणणे ही उघड फसवणूक आहे. तासगावच्या पाहुण्यांची भीती मला कळते ती याचमुळे. असे फसवलेले त्यांनी नक्की पाहिले असणार.

बाई प्यायली तर तिच्या शरीराची हानी पुरुषापेक्षा लवकर होते, हेही इथेच सांगितले पाहिजे. बाईच्या अंगात पाण्याचा अंश कमी, म्हणून तेवढ्याच घोटाने तिच्या रक्तात दारूचे प्रमाण जास्त चढते. यकृताचा आजार कमी वर्षांत गाठतो. गरोदरपणी घेतलेली दारू थेट बाळापर्यंत पोचते आणि त्याच्या मेंदूला इजा करू शकते. हा वारसा नव्हे, ही इजा, आणि ती पूर्ण टाळता येण्यासारखी आहे. आमच्या आत्याला हे कुणीच सांगितले नव्हते. सांगणार कोण? ती पिते हेच कुणी कबूल करत नव्हते.

आणि मिश्रीचे काय? आपल्या भागातल्या किती माता-भगिनी "आम्हाला कसलं व्यसन नाही" म्हणताना बोटाला मिश्री लावलेली असते! तंबाखूच्या आणि दारूच्या व्यसनाची काही जनुके सामाईक आहेत असे अभ्यासातून दिसते. नवऱ्याची बाटली सुटत नाही म्हणून रागावणाऱ्या बाईने एकदा आठ दिवस मिश्री सोडून पाहावी, म्हणजे "सुटत नाही" म्हणजे काय ते कळेल. हे मी माझ्या घरी बोललो, तेव्हा दोन दिवस जेवणात मीठ कमी होते.

"याला चढतच नाही"

मग वारशाने नेमके मिळते तरी काय? दारूची अशी वेगळी एकच जनुक नाही. 2023 साली दहा लाखांहून अधिक माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जनुकांच्या 110 जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. त्यामुळे "रक्त तपासून मुलगा दारुडा होईल का सांगतो" असे कुणी म्हणाले तर त्याला पैसे देऊ नका.

काही गोष्टी मात्र स्पष्ट कळल्या आहेत. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. मार्क शकिट यांनी दारूच्या आहारी गेलेल्यांचे तरुण मुलगे निवडले. त्यांना मोजून दारू दिली आणि किती चढते ते पाहिले. सुमारे दहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठले. ज्यांना त्या वेळी दारू कमी चढली होती, त्यांच्यातले शंभरी 56 जण आहारी गेले होते. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यातले 14.

आता आपल्याकडचे बोलणे आठवा. हळदीच्या रात्री एखादा पोरगा अख्खी क्वार्टर मारूनही सरळ चालतो, आणि मंडळी कौतुकाने म्हणतात, "गडी पचवतो, ह्याला चढतच न्हाय!" हे कौतुक नव्हे, ही धोक्याची घंटा आहे. ज्याला लवकर चढते त्याचे शरीर त्याला थांबवते. ज्याला चढत नाही त्याला थांबवणारे आत कुणी नसते. तो दुप्पट पितो, मग चौपट.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनी माणसांच्या मुलांचे आणि भावांचे मेंदूचे आलेख काढले. त्यांचा निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाला : घराण्यात धोका जितका जास्त, तितकी मेंदूतली एक विशिष्ट लहर कमी उंचीची. अशा मुलांत उतावळेपणा, मनाला आवर घालणे जड जाणे, हे अधिक दिसते. घरात असे वांड पोर असेल तर त्याला झोडपण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. त्याला खेळ लागतो, काम लागते, आणि त्याच्यावर नजर ठेवणारे मोठे माणूस लागते.

वारशाची दुसरी बाजूही आहे. दारू पोटात गेली की यकृत तिचे आधी एका विषारी द्रव्यात रूपांतर करते, आणि मग दुसरे एक पाचकद्रव्य त्या विषाचे निरुपद्रवी आम्ल करते. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरे पाचकद्रव्य जन्मतः दुबळे असते. त्यांनी पेलाभर घेतली तरी तोंड लालभडक होते, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच त्यांच्यात व्यसन कमी. आपल्याकडे ही देणगी क्वचितच आढळते.

आता गंमत पहा. जपानमध्ये उपचाराला आलेल्या व्यसनी लोकांत अशी देणगी असलेले 1979 साली शंभरी अडीच होते. 1986 साली आठ झाले, 1992 साली तेरा. तेरा वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलला तो समाज. कचेरी सुटल्यावर साहेबाबरोबर प्यायलाच पाहिजे असा रिवाज असला, की निसर्गाने दिलेले कुलूपही तोडले जाते. मग उलटही खरे असले पाहिजे. ज्याच्या घराला निसर्गाने कुलूप दिलेले नाही, त्याला समाज कुलूप देऊ शकतो. आपल्याला पाचवे शील मिळाले आहे, बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे. वारशाचा धोका असलेल्या मुलासाठी हे नुसते म्हणण्याचे शब्द नाहीत. ज्याने पहिला घोट घेतलाच नाही, त्याची 110 च्या 110 जनुके त्याला दारुडा करू शकत नाहीत. आणि पहिला घोट जितका लांबेल तितके बरे : अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जी 1997 साली प्रसिद्ध झाली, पंधराव्या वर्षाआधी सुरुवात करणाऱ्यांपैकी शंभरी चाळीस पुढे आहारी गेले होते, विशीनंतर सुरू करणाऱ्यांपैकी दहा.

याच पाचकद्रव्यावरून एक इशारा देतो. दारू सोडवण्याची डायसल्फिराम नावाची गोळी असते. ती हेच दुसरे पाचकद्रव्य बंद पाडते, म्हणजे माणसाला काही दिवसांपुरते जपान्यासारखे करते. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये तिचा हा गुण कळला. गोळी चांगली आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रोग्याला सांगूनच द्यायची असते. आपल्याकडे बायका बिचाऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून ती चहात, आमटीत गुपचूप घालतात. वर नवऱ्याने दारू घेतली की रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. तसेच वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला एकाएकी कोंडून दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, अंगाला कापरे भरणे असे प्रकार होतात. ते दवाखान्यात सांभाळावे लागते.

जातीच्या रक्तात?

माझ्या कचेरीत एकदा एक सहकारी डबा खाता खाता म्हणाला, "तुमच्या लोकांत दारू जरा रक्तातच असते, नाही का?" तो वाईट माणूस नाही, त्याला ते सहज वाटले. म्हणून हे मुद्दाम लिहितो. जनुकांचा जो धोका वर सांगितला तो एकेका घराचा आहे, एकाच घरातही भावाभावांत वेगळा आहे. दारूचे जातीचे जनुक कुणाला सापडलेले नाही. "अमुक जमात जन्मतःच अशी" हे बोलणे आपल्या देशाने एकदा कायद्यातही घालून पाहिले. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. तो शिक्का त्या बांधवांच्या कपाळावरून अजून पुरता पुसला गेलेला नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याविरुद्ध बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. आणि आता आपणच आपल्या पोराला "बापाचं रक्त" म्हणून नाकारायचे?

उपचाराचे म्हणाल तर, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, काम चालू राहिले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, तिथे बायकांसाठी वेगळी सोय आहे. हे मी ठळक सांगतो, कारण आपल्या बायकांना हे ठाऊकच नसते. शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. फोनवर बोलायचे तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्हींना पैसे पडत नाहीत. वारसा असलेल्या माणसालाही उपचार लागू पडतात. मधुमेह आईकडून आला म्हणून कुणी औषध नाकारते काय?

पुढच्या पौर्णिमेला मावशी मुलाला घेऊन आल्या. मी वहीच्या कागदावर गुडविन साहेबांचा हिशेब मांडून दिला. एकूण 55, अडकलेले 10, न अडकलेले 45. मुलाने तो तीनदा वाचला. मग हळूच विचारले, "काका, मला चढतं का न्हाय, ते कसं कळंल?"

"प्यायल्याशिवाय कळणार नाही," मी म्हणालो.

तो हसला. "मग नकोच कळाया."

तासगावचा निरोप पुन्हा आला नाही. मुलाने मात्र बायोडाटा नव्याने टाईप करून घेतला. वडिलांच्या नावाआधी 'कालकथित' होतेच. त्याखाली त्याने एक ओळ वाढवली : वडिलांचे निधन दारूच्या आजाराने, मुलगा निर्व्यसनी. मावशी म्हणाल्या, आरं हे कशाला लिवतूयस? तो म्हणाला, मागनं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्या कागदाच्या वीस झेरॉक्स त्याने काढल्या आहेत, आणि त्यातली एक माझ्या टेबलाच्या खणात आहे.